परतीची सही

नवापूरच्या रेल्वे स्थानकातून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा जाते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत, अशी तिथली वाटणी आहे. फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग या राज्यात आणि अर्धा त्या राज्यात येतो. येणारेजाणारे त्यावर हौसेने बसून फोटो काढून घेतात. मधली रेघ ओलांडायला कुणी कागद मागत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या माणसाला सीमा माहीत आहे ती ही अशी. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. सोयरीक तिकडची, बाजार इकडचा आणि मोठे आजारपण निघाले की दवाखाना सुरतचा. निरोप घेतानासुद्धा आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जाणे आणि येणे यांत आपण फारसा फरक करीत नाही.

देशाची सीमा ओलांडली की मात्र हा फरक करावाच लागतो. तिथे जाण्याचा कागद निराळा असतो आणि परत येण्याचा निराळा. हे जाणाऱ्याला थोडेफार माहीत असते. घरच्यांना बहुधा नसते. आणि मध्यरात्री फोन करून ‘असशील तसा निघून ये’ म्हणणारे घरचेच असतात.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. सहा तालुके, २०११ च्या जनगणनेत १६,४८,२९५ लोकसंख्या आणि त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी. इथली महाविद्यालये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. अशा महाविद्यालयातला एखादा प्राध्यापक किंवा पीएच.डी. झालेली एखादी मुलगी अमेरिकेतल्या विद्यापीठात वर्ष-दोन वर्षांसाठी संशोधनाला जाते, तेव्हा ती जाते ‘जे-१’ नावाच्या व्हिसावर. विद्यार्थ्यांचा ‘एफ-१’ आणि नोकरदारांचा ‘एच-१ बी’ यांची नावे आता घरोघरी झाली आहेत. हा तिसरा व्हिसा आदानप्रदानाचा. अमेरिकेच्या १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्यावर तो उभा आहे. पाहुणा म्हणून या, शिका, शिकवा आणि आपल्या देशी परत जा, हा त्यामागचा हेतू.

समजा, शहाद्याच्या एका महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका दोन वर्षांसाठी तिकडे गेल्या आहेत. चौदा महिने झाले आहेत. तळोद्याहून धाकट्या भावाचा फोन येतो, ‘ताई, आईचं काही खरं नाही. तू ये.’ ताईंनी काय करावे?

याचे उत्तर तीन कागदांवर अवलंबून आहे. पहिला ‘डीएस-२०१९’ नावाचा फॉर्म. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे मंजुरीपत्र. कोणत्या संस्थेने बोलावले, काम काय, खर्च कोण करणार आणि अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, हे सारे त्यावर असते. दुसरा कागद म्हणजे पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा. व्हिसा ही फक्त दारापर्यंत जाण्याची चिठ्ठी. त्यावरच्या तारखेपर्यंत दाराशी जाऊन ‘आत घ्या’ म्हणता येते. आत घ्यायचे की नाही हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. तिसरा कागद ‘आय-९४’, म्हणजे त्या अधिकाऱ्याने केलेली प्रवेशाची नोंद. किती दिवस राहता येईल ते ही नोंद सांगते.

घरच्या मंडळींचा घोटाळा होतो तो इथे. व्हिसावरची तारीख उलटली म्हणजे मुक्काम बेकायदा झाला, असे त्यांना वाटते. तसे नाही. मंजुरीपत्र आणि मुक्कामाची नोंद चालू असेल, तर व्हिसाची तारीख उलटूनही माणूस आत सुखाने राहू शकतो. पण एकदा बाहेर पडला, की त्या चिठ्ठीवर पुन्हा दार उघडत नाही. याच्या उलट, व्हिसा चांगला पाच वर्षांचा असला, तरी मंजुरीपत्राची मुदत संपली असेल तर तो नुसता शोभेचा.

आणि या तिन्हींहून महत्त्वाची, पण सर्वांत लहान गोष्ट म्हणजे एक सही. डीएस-२०१९ च्या तळाशी प्रवासाच्या परवानगीची एक चौकट असते. अमेरिकेतल्या संस्थेत या कार्यक्रमाचा एक जबाबदार अधिकारी नेमलेला असतो. तो तिथे सही करून तारीख घालतो. हा माणूस आमच्याकडे काम करतो आहे आणि त्याला परत येऊ द्यावे, असा त्या सहीचा अर्थ. संशोधकांसाठी ती एक वर्ष चालते, सहा महिन्यांच्या अल्पमुदतीच्या अभ्यासकांसाठी सहा महिने. मात्र फॉर्मची मुदत संपली की सहीचीही संपते. सही मिळवायला पैसे पडत नाहीत, की मुलाखत द्यावी लागत नाही. पण ती लागते त्या दिवशी नेमका तो अधिकारी रजेवर असू शकतो.

आता ताईंकडे येऊ. व्हिसाला मुदत आहे आणि सही वर्षाच्या आतली आहे, तर कुणालाही काही विचारायची गरज नाही. संस्थेला कळवावे, तिकीट काढावे, आईजवळ पंधरा दिवस राहावे आणि परत जावे. व्हिसाला मुदत आहे पण सही जुनी झाली आहे, तर निघण्यापूर्वी नवी सही घ्यावी. हल्ली संस्था सही केलेला फॉर्म ई-मेलनेही पाठवू शकतात. तिसरी अवस्था मात्र कठीण. व्हिसाची तारीख उलटून गेली आहे. अशा वेळीही ताईंना निघायला कोणी अडवत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. अमेरिकेतून बाहेर पडायला परवानगी लागत नाही. अडचण परत जाण्याची आहे. त्यासाठी भारतात नवा व्हिसा घ्यावा लागेल.

नवा व्हिसा म्हणजे पुन्हा डीएस-१६० चा लांबलचक अर्ज, १८५ डॉलर शुल्क, एकदा बोटांचे ठसे आणि एकदा मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. नंदुरबारहून मुंबई म्हणजे सुरतमार्गे एका रात्रीचा प्रवास. माणूस धडगावकडचा असेल, तर त्याआधी चांदसैलीचा घाट. पावसाळ्यात दरड कोसळली की तोही बंद. पूर्वी मुलाखत न देता कागद पेटीत टाकून काम होण्याची सवलत अनेकांना मिळे. २ सप्टेंबर २०२५ पासून ती बहुतेकांसाठी बंद झाली आणि जे-१ वाले त्यात आले. त्याच महिन्यात, आपल्या देशातच किंवा कायम राहतो त्या देशातच मुलाखत द्यावी, असाही आदेश निघाला. त्यामुळे वाटेत तिसऱ्याच देशात व्हिसा उरकून घेण्याची जुनी युक्तीही संपल्यात जमा आहे. २७ मे २०२५ पासून तर विद्यार्थी आणि अभ्यागत अभ्यासकांच्या नव्या मुलाखती देणेच थांबवले होते. १८ जूनला ते पुन्हा सुरू झाले ते समाजमाध्यमांवरची खाती तपासणीसाठी खुली ठेवण्याच्या अटीसह.

मुलाखतीच्या तारखेसाठी तातडीचा अर्ज करता येतो, पण तो मान्य होईलच असे नाही. मुलाखत चांगली झाली तरी विज्ञानाच्या काही शाखांतल्या संशोधकांचे प्रकरण ‘प्रशासकीय तपासणी’साठी बाजूला ठेवले जाऊ शकते. ती तपासणी किती दिवस चालेल, हे खिडकीवरचा माणूस सांगत नाही. पंधरा दिवसांसाठी आलेल्या ताई मग दोन महिने तळोद्यात. तिकडे प्रयोगातली रोपे वाळतात, घरभाडे चढते, मुलांची शाळा सुरू असते. भाऊ म्हणतो, ‘मी बोलावलं म्हणून हे झालं.’ ताई म्हणतात, ‘आले नसते तर आयुष्यभर टोचलं असतं.’ दोघांचेही खरे आहे. म्हणूनच हा निर्णय फोनवर, रडताना, अर्धवट माहितीवर घेण्याची वेळ येऊ नये.

आमच्या पिढीच्या बँकवाल्यांना या प्रश्नाची आणखी एक बाजू माहीत आहे. १९७३ च्या ‘फेरा’ कायद्याचा अंमल होता तेव्हा परकीय चलन मोजून मापून मिळे. त्याआधी शिकायला गेलेले लोक खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसल्याच्या गोष्टी सांगत. त्या काळी मध्येच घरी येण्याचा विषयच निघत नसे, कारण भाड्याचे पैसे नसत. बाप गेल्याची बातमी पत्राने, तेराव्यानंतर पोचे. १ जून २००० पासून ‘फेमा’ आला. आज सज्ञान भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची मुभा आहे आणि तिकीट दहा मिनिटांत निघते. पैशाची अडचण ओसरली, तशी कागदाची अडचण वर आली. पण तिकीट हाती आले की सगळे झाले, असे आपल्याला अजून वाटते.

परतीच्या सहीचे मोल किती, याचे मोठे उदाहरण आपल्याच मातीत आहे. नवापूरच्या पलीकडे सोनगडचा किल्ला दिसतो. बडोद्याच्या गायकवाडांचे ते जुने ठाणे. त्याच घराण्यातल्या सयाजीरावांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची आणि करार असा, की शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. १९१६ मध्ये आंबेडकर लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके ज्या बोटीत होती ती पाणतीराने बुडाली. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली होती. पुस्तके बुडाली, पण परवानगी शाबूत राहिली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून ते १९२० मध्ये लंडनला परतले; १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

या कथेचा मधला भाग मात्र विसरता कामा नये. करार पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्याला गेलेच होते. तिथे अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला घर मिळेना. एका पारशी वसतिगृहात ते उतरले, तर लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथूनही बाहेर काढले. विद्वानाने परत यावे अशी अट घालणे सोपे असते. तो परत आल्यावर त्याला जागा देणे हे घालणाऱ्याचे काम असते.

आजच्या जे-१ व्हिसालाही परतीची एक अट असते आणि तिच्याविषयी गैरसमजही फार. काही अभ्यासकांना कार्यक्रम संपल्यावर एकूण दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. त्याशिवाय त्यांना एच किंवा एल प्रकारचा नोकरीचा व्हिसा अथवा ग्रीन कार्ड मिळत नाही. याचा अर्थ दोन वर्षे अमेरिकेत पाऊल ठेवायचे नाही असा नाही. परिषदेला, भेटीला किंवा शिकायला जाता येते. ही अट पतीला किंवा पत्नीला आणि मुलांनाही लागू होते. पूर्वी भारतातल्या अनेक विद्याशाखा एका यादीत होत्या आणि त्या यादीमुळे ही अट लागे. ९ डिसेंबर २०२४ पासून त्या यादीतून भारताचे नाव निघाले. पण सरकारी पैशाने गेलेल्यांना ती आजही आहे. आपल्याकडची ‘फुलब्राइट-नेहरू’ ही त्यांतली ठळक. २ फेब्रुवारी १९५० च्या भारत-अमेरिका करारातून ही शिष्यवृत्ती सुरू झाली. २००८ पासून तिचा खर्च दोन्ही सरकारे उचलतात आणि नावात नेहरूही आले. अट लागू आहे की नाही, याचा शेरा बहुधा व्हिसावरच असतो. तो जाण्यापूर्वी वाचावा. इकडे महाविद्यालयाने अभ्यासरजा देताना बंधपत्र लिहून घेतलेले असते, तेही वाचावे. आणि संस्थाचालकांनी एकदा स्वतःला विचारावे, की परत येणाऱ्या या माणसासाठी आपण प्रयोगशाळेत एक टेबल तरी राखून ठेवले आहे काय.

आता घरात बसून करण्यासारख्या काही गोष्टी. आपल्या भागात आडनावांच्या इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ जुना आहे. वळवींचे आडनाव शाळेच्या दाखल्यावर ‘व्ही’ने सुरू होते आणि आधार कार्डावर ‘डब्ल्यू’ने. पासपोर्ट, डीएस-२०१९ आणि तिकीट या तिन्हींवर एकच स्पेलिंग हवे. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरे येतात, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’. कायदेशीर आहे, पण पुढे प्रत्येक खिडकीवर समजावत बसावे लागते.

आईवडिलांचे पासपोर्ट मूल जाण्यापूर्वीच काढून ठेवावेत. शाळामास्तरांनी १ जून ही जन्मतारीख लावून दिलेली ती पिढी. एका कागदावर १ जून, दुसऱ्यावर नुसते वर्ष. ते जुळवायला वेळ लागतो. मूल येऊ शकत नसेल, तर आईवडिलांना पर्यटक व्हिसावर जाता येते का, हे पाहायला निदान पासपोर्ट तरी हाती हवा.

कार्यक्रम संपल्यावर आवराआवर करायला तीस दिवसांची सवलत मिळते. त्या काळात अमेरिकेत फिरता येते. पण बाहेर पडून परत शिरता येत नाही. ‘आता मोकळाच आहे, लग्नाला येऊन जातो आणि मग सामान आवरतो,’ असा बेत करू नये. सामान आधी आवरावे. कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांपर्यंत जाऊन संपलेल्या व्हिसावरही परतता येते, असा एक जुना नियम आहे. पण तिथे असताना नव्या व्हिसाचा अर्ज केला, तर ती सवलत जाते. आणि त्या देशांचा व्हिसा आपल्याला लागतो का, ते वेगळेच पाहावे लागते. विमान ज्या देशात बदलायचे, तिथल्या नियमांचेही तसेच. जुन्या पासपोर्टात चालू व्हिसा असेल, तर नवा पासपोर्ट घेतल्यावर दोन्ही बरोबर ठेवावेत.

विम्याची गोष्टही काढावी लागते. जे-१ वर जाणाऱ्याला प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. मृतदेह मायदेशी पाठवण्यासाठी पंचवीस हजार आणि रुग्णाला मायदेशी हलवण्यासाठी पन्नास हजार डॉलरची तरतूदही त्यात असावी लागते. पाहुण्याला बोलावताना त्याच्या मरणाचीही व्यवस्था लिहून ठेवणारी ही रीत आपल्याला रुक्ष वाटेल. पण आपल्या घरांत बोलायचे राहून जाते ते नेमके हेच. मुलगी निघण्याच्या आधी, बॅगेत मिरचीपूड आणि पापड भरले जात असताना, कुणीतरी हा विषय काढला पाहिजे. आई म्हणेल, ‘शुभ बोल.’ तरी काढावा. तुझ्या कागदांची मुदत कधीपर्यंत आहे, मध्ये येणे कधी सोपे आणि कधी अवघड, आणि वेळ आलीच तर अग्नी कोण देईल. आई-वडिलांनी स्वतः ‘तू नाही पोचलीस तरी आम्ही समजून घेऊ’ एवढे म्हटले, तरी त्या मुलीच्या खांद्यावरचे केवढे ओझे उतरेल. तेवढे म्हणायला कोणत्याही वकिलातीची परवानगी लागत नाही.

नियम बदलत राहतात. मुक्कामाच्या नोंदीवर तारखेऐवजी ‘काम चालू असेतो’ असे लिहिण्याची अमेरिकेची पद्धत होती. ती बदलून ठराविक तारीख देण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला. तेव्हा गेल्या वर्षी गेलेल्या मित्राचे ऐकून तिकीट काढू नये; निघण्यापूर्वी आपल्या संस्थेतल्या त्या जबाबदार अधिकाऱ्याला विचारावे.

आणि घरच्यांनी एक करावे. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ लावलेले असते. गॅसचा सिलिंडर कधी लावला आणि दूधवाला किती दिवस आला नाही, हे आपण त्यावर लिहितो. त्यावरच तीन तारखा लिहाव्यात: व्हिसा कधी संपतो, डीएस-२०१९ कधी संपतो आणि शेवटची सही कोणत्या तारखेची आहे. सहीला दहा महिने झाले, की रविवारच्या फोनवर ‘जेवलीस का’ विचारल्यानंतर तिलाही विचारावे, नवी सही घेतलीस का.